नवीन वर्षात मंडळीत द्यायचं कसं आणि मंडळीत राहायचं कसं

डिसेंबरच्या शेवटी चर्चच्या दाराशी टेबलावर पाकिटांचे गठ्ठे मांडलेले असतात. प्रत्येक गठ्ठ्यावर नंबर, आत 52 पाकिटं, आणि सोबत एक छोटं कार्ड, येत्या वर्षात तुम्ही मंडळीला, म्हणजे आपल्या चर्चच्या समुदायाला, किती देणार ते लिहायचं. पाकिटं बहुतेक जण उचलतात, कार्ड मात्र तिथंच राहतं. मी बरीच वर्षं आमच्या प्रेस्बिटेरियन मंडळीचा खजिनदार होतो, आता सेशनमध्ये, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या सभेत, वडील (मंडळीनं निवडलेला ज्येष्ठ) म्हणून बसतो, आणि एवढ्या वर्षांत मला एकच गोष्ट पक्की कळलीय की देणं उपासनेत दानाची थाळी समोर आल्यावर ठरवायचं नसतं, ते घरी ठरवायचं असतं, वर्ष सुरू व्हायच्या आधी, शांतपणे, प्रार्थना करून. थाळी समोर आली की आपण खिशात काय सुटे आहेत ते बघतो. घरी बसलो की आपल्या आयुष्यात काय आलंय ते बघतो. दोन्हीत फार फरक आहे.

तर आधी घरी बसा. कमावणारे, घर चालवणारे, कळत्या वयाची मुलं, सगळे. गेल्या वर्षी आपण मंडळीला एकूण किती दिलं तो आकडा खजिनदाराकडून मागून घ्या, मागायला लाजू नका, तो तुमचाच हिशेब आहे. मग वर्षाची कमाई एका बाजूला लिहा, दिलेलं दुसऱ्या बाजूला, आणि शंभरात किती बसतंय ते काढा. बहुतेकांना इथं धक्का बसतो, कारण मनात वाटत असतं की आपण बरंच देतो आणि निघतं शंभरातलं दीड. मलाही पहिल्यांदा काढलं तेव्हा बसला होता. पण म्हणून लगेच दहावर उडी मारू नका. दशमांशाची, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा द्यायची, गोष्ट बायबलच्या मलाखी 3:10 मधली आपण लहानपणापासून ऐकतो, आणि ते चांगलं माप आहे, पण नवीन करारात प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला सांगतो (2 करिंथ 9:7) ते असं की ज्यानं त्यानं मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत नाही आणि कोणी भाग पाडलं म्हणून नाही. दीड असेल तर या वर्षी अडीच करा, पुढच्या वर्षी साडेतीन. जो एकदम दहा लिहितो आणि मार्चमध्ये थांबतो त्याला एप्रिलपासून चर्चला यायचीच लाज वाटायला लागते, आणि हे मी डोळ्यांनी बघितलंय, एक चांगलं कुटुंब असंच चार महिने आलं नाही. पैशापायी माणसं दुरावली तर त्या पैशाचा मंडळीला काय उपयोग.

कार्डावरचा आकडा म्हणजे कर्ज नाही हे नीट समजून घ्या. तो इरादा आहे. नोकरी गेली, घरात आजारपण आलं, तर पाळकसाहेबांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) किंवा खजिनदाराला एक फोन करा आणि आकडा बदलून घ्या, कोणी कारण विचारणार नाही, विचारूही नये. कार्ड भरायचं ते यासाठी की सेशनला वर्षाचं बजेट बांधायचं असतं आणि अंदाजच नसेल तर पाळकांचा पगार, विजेचं बिल, प्रेसबिटरीला (आसपासच्या मंडळ्यांच्या वरच्या सभेला) द्यायचा वाटा, शब्बाथ शाळेचा (मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गाचा) खर्च, कशाचंच काही खरं नसतं. मंडळी 150 घरांची असो नाहीतर 20 घरांची, बजेट बांधणाऱ्याला जानेवारीत हवं असतं ते हेच.

रोज वापरातलं वचन म्हणाल तर 1 करिंथ 16:2. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपापल्या मिळकतीप्रमाणे काढून ठेवावं. दर आठवड्याला, प्रत्येकानं, मिळालं त्या मानानं, इतकं साधं आहे. वर्षातून एकदा मोठी रक्कम देणारे असतात आणि त्यांचे आभारच आहेत, पण मंडळी चालते ती थोडं थोडं आणि न चुकता देणाऱ्यांवर. आपल्या प्रेस्बिटेरियन इतिहासात याचं मोठं उदाहरण आहे. 1843 साली स्कॉटलंडमध्ये, मंडळीवर पाळक लादण्याच्या जमीनदारांच्या हक्कावरून, साडेचारशेहून जास्त पाळक राष्ट्रीय चर्चमधून बाहेर पडले. राहतं घर गेलं, पगार गेला, चर्चची इमारत गेली. त्यांचे पुढारी थॉमस चामर्स यांनी तेव्हा एक मध्यवर्ती निधी उभा केला, सामान्य घरांनी आठवड्याला एक पेनी द्यावी असा त्यांचा आग्रह होता, आणि जमलेला पैसा सगळ्या पाळकांना सारखा वाटला जायचा, म्हणजे गरीब वस्तीतल्या पाळकालाही श्रीमंत वस्तीतल्या पाळकाइतकाच वाटा. आपण आपल्या एका पाकिटात फार काही नाही असं म्हणतो ना, तेव्हा हे आठवावं.

पाकीट कसं वापरायचं तेही सांगतो. शनिवारी रात्री भरून ठेवा, रविवारी सकाळी घाईत नाही. एखादा रविवार चुकला, गावाला गेलात, आजारी पडलात, तर त्या रविवारचं पाकीट टाकून देऊ नका, पुढच्या वेळी दोन्ही एकत्र टाका. आमच्याकडे एक आजी होत्या, गुडघ्यांमुळे सहा सहा आठवडे येता यायचं नाही, आणि आल्या की सहा पाकिटं रबरबँड लावून थाळीत ठेवायच्या, प्रत्येकावर पेन्सिलनं त्या त्या रविवारची तारीख. मोजायला बसलो की ते रबरबँड मी जपून काढायचो. घरी बसूनही त्या रविवार पाळत होत्या हे त्या तारखांवरून कळायचं. बँकेतून आपोआप जाणारी सोय केली असेल तर उत्तमच, पण मग थाळी आली की नुसती पुढे सरकवू नका, क्षणभर हात ठेवा आणि मनात प्रार्थना करा, आणि मुलांच्या हातात त्यांचं स्वतःचं नाणं द्या, आपलं नाही, त्यांना मिळालेल्या पैशातलं. मुलं देणं शिकतात ती बघून बघूनच.

एखाद्या खास कामासाठी देत असाल, छप्पर, ऑर्गन, गरिबांचा निधी, तर पाकिटावर स्पष्ट लिहा. आणि सेशनमध्ये बसणाऱ्यांनो, असं लिहून आलेला पैसा दुसरीकडे वळवायचा नाही, कितीही अडचण असली तरी नाही. वळवायचाच असेल तर देणाऱ्याला विचारून.

आता मोजणीबद्दल जरा सविस्तर, कारण इथं विश्वास टिकतो किंवा तुटतो. थाळीतला पैसा कधीही एकट्यानं मोजू नये. दोन माणसं, एका घरातली नकोत, नवरा-बायको नकोत, बाप-मुलगा नको. उपासना संपली की लगेच, चर्चमध्येच, टेबलावर थैली रिकामी करायची, पाकिटं एकीकडे, सुटा पैसा दुसरीकडे, पाकिटावर लिहिलेला आकडा आणि आतला पैसा जुळतो का बघायचा, नोटा एकानं मोजायच्या मग दुसऱ्यानं परत मोजायच्या, कागदावर आकडा, दोघांच्या सह्या, तारीख. पैसा कोणाच्या घरी रात्रभर ठेवायचा नाही, तसा नाइलाज असलाच तर सीलबंद थैलीत, आणि बँक उघडली की पहिलं काम तेच. मोजणारा आणि वही लिहिणारा एकच माणूस नको. वर्षातून एकदा बाहेरच्या माणसाकडून हिशेब तपासून घ्यायचा. काही जणांना हे अविश्वासाचं वाटतं, आमच्या मंडळीतही एका ज्येष्ठ वडिलांना वाईट वाटलं होतं की इतकी वर्षं मी एकटाच मोजतोय आणि आता माझ्यावर शंका का. त्यांना आम्ही 2 करिंथ 8 वाचून दाखवलं. यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी जमवलेला पैसा न्यायचा होता तेव्हा पौलानं आपला सहकारी तीत याच्यासोबत आणखी विश्वासू भाऊ पाठवले आणि कारणही लिहून ठेवलं, या मोठ्या रकमेबद्दल कोणी आम्हाला दोष देऊ नये म्हणून, आणि प्रभूच्याच नाही तर माणसांच्या नजरेतही जे बरोबर आहे ते करायचं म्हणून. पौलाला सोबत माणूस लागला, मग आपल्याला का नको. ते वडील पुढच्या रविवारी स्वतःहून दुसरा माणूस घेऊन बसले. दोन सह्या म्हणजे मोजणाऱ्याचंच संरक्षण आहे, उद्या कोणी बोट दाखवलं तर त्याच्याजवळ कागद आहे.

आणि कोण किती देतो हे खजिनदाराच्या तोंडून कधीही बाहेर पडू नये. बायकोपाशी नाही, जेवणाच्या टेबलावर नाही.

मग वार्षिक सभा येते. बऱ्याच मंडळ्यांत ती जानेवारी-फेब्रुवारीत असते आणि लोकांना कंटाळवाणी वाटते म्हणून उपासना झाली की अर्धे लोक निघून जातात, कधी कधी कोरमला माणसं कमी पडतात. थांबा, कृपा करून थांबा. प्रेस्बिटेरियन पद्धतीचा कणा हाच आहे की मंडळी आपले वडील स्वतः निवडते. ग्रीक प्रेस्बुतेरोस म्हणजेच वडील, आपलं नावच त्यावरून आलंय. पाळक सेशनच्या सभा चालवतात पण एकटे निर्णय घेत नाहीत, सेशनच्या वर प्रेसबिटरी, तिच्यावर सिनड किंवा जनरल असेंब्ली, आणि या सगळ्याची सुरुवात तुमच्या हात वर करण्यातून होते. अहवाल आधी हातात मिळाला तर घरी वाचून या. गेल्या वर्षीचा आकडा आणि या वर्षीचा शेजारी शेजारी बघा, जिथं मोठा फरक दिसेल तिथं विचारा. विचारताना माणसाबद्दल नाही, आकड्याबद्दल विचारा. "दुरुस्तीचा खर्च दुप्पट दिसतोय, कशामुळे?" इतकं पुरतं. सगळ्यात आधी मी बघतो ती ओळ गरिबांच्या निधीची. ती वर्षानुवर्षं तेवढीच राहिली आणि बाकी सगळं वाढलं तर त्या मंडळीनं थांबून विचार करायला हवा.

नवीन वडील आणि डीकन (गरीब-आजाऱ्यांची मदत बघणारे सेवक) यांची नेमणूकही बऱ्याच ठिकाणी याच सुमारास होते. काही परंपरांत मुदत तीन वर्षांची, काहींत आयुष्यभराची. तुमचं नाव सुचवलं तर लगेच नाही म्हणू नका आणि लगेच होही म्हणू नका, घरी बोला, आठवडाभर प्रार्थना करा. मला नेमलं त्या दिवशी मी गुडघे टेकून बसलो होतो आणि आधीचे वडील एक एक करून पुढे येऊन डोक्यावर हात ठेवत गेले, हात वाढत गेले तसं वजन मानेवर जाणवायला लागलं, एक हात थरथरत होता, तो कोणाचा ते मला न बघता कळलं. त्या वजनाची आठवण मला सेशनच्या प्रत्येक लांबलेल्या सभेत उपयोगी पडलीय.

डीकनांचं काम लोक हलकं समजतात, ते तसं नाही. प्रेषितांची कृत्ये 6 मध्ये सात जण निवडले ते विधवांना रोजचं वाटप नीट मिळावं म्हणून. धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिननं 1541 साली जिनिव्हातल्या चर्चसाठी नियम केले त्यात पाळक, शिक्षक, वडील आणि डीकन अशी चार पदं होती, आणि डीकनही दोन तऱ्हेचे, एक निधी सांभाळणारे आणि दुसरे आजारी नि गरिबांजवळ प्रत्यक्ष जाऊन त्यांची काळजी घेणारे. आजही दोन्ही लागतात. म्हणून पैसा द्यायला जमत नसेल तर वेळ द्या, आणि पैसा देत असाल तरी वेळ द्या. फक्त एकच काम घ्या. जानेवारीच्या उत्साहात क्वायर, शब्बाथ शाळा, तरुण संघ सगळ्यांत नाव देणारा माणूस मेपर्यंत दमतो. घरात अडकलेल्या एका म्हाताऱ्या माणसाकडे महिन्यातून दोनदा जायचं ठरवा, दिवस ठरवा, आणि वर्षभर तेच करा.

वर्षभराच्या बायबल वाचनाचंही तसंच. स्कॉटलंडमधल्या डंडीचे पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी 1842 च्या अखेरीस आपल्या मंडळीसाठी वाचनाचा तक्ता केला, रोज साधारण चार अध्याय, वर्षात जुना करार एकदा आणि नवीन करार नि स्तोत्रं दोनदा. तो आजही जगभर वापरतात. पण त्यांनी सोबत धोकेही लिहिले होते, की वाचन नुसता उपचार होईल, आपण फार धार्मिक आहोत असं वाटायला लागेल, आणि काहींना ते ओझं होईल. तसं झालं तर निम्मं करा, दोन अध्याय नीट वाचलेले चालतात.

शेवटी, ज्यांचं हे वर्ष ओढाताणीचं आहे त्यांच्यासाठी. कार्डावर शून्य लिहिलंत तरी कार्ड द्या, किंवा आकड्याच्या जागी प्रार्थना असं लिहा, आम्ही तसं कार्ड बाकीच्या कार्डांसोबतच समोर ठेवतो आणि सगळ्यांवर एकत्र प्रार्थना होते. मदत लागत असेल तर डीकनांपैकी ज्याच्याशी बोलायला बरं वाटतं त्याला गाठा, रविवारी गर्दीत नाही, मधल्या वारी घरी बोलवा. सांगताना सगळं सांगायची गरज नाही, भाडं, औषध, फी, जे अडलंय ते आणि कधीपर्यंत हवंय ते एवढंच सांगा. तुमचं नाव सेशनच्या मिनिट्समध्ये (सभेच्या इतिवृत्तात) येत नाही, फक्त रक्कम येते. थाळीत टाकलेला पैसा यासाठीच जमलेला असतो, आणि तुम्ही तो घेताना मान खाली घालायचं काही कारण नाही.