जीएसटीचं समन्स आलंय? जबाबाला जायच्या आधीची तयारी

सेंट्रल जीएसटीचं समन्स असेल तर आधी त्यावरचा डीआयएन नंबर (प्रत्येक सरकारी पत्राचा ओळख क्रमांक) सीबीआयसीच्या, म्हणजे केंद्राच्या अप्रत्यक्ष कर खात्याच्या, साईटवर टाकून खरा आहे का बघा. मग जीएसटी कायद्याचं कलम बघा, 70 असेल (जबाब आणि कागदांसाठी बोलावणं) तर एवढं डोक्यात पक्कं ठेवा की समोरचे साहेब पोलीस नाहीत. लोकांना वाटतं बरं झालं, पण खरं उलटंय, पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही आणि यांच्यापुढे दिलेली चालू शकते. कस्टम्स अधिकारी पोलीस नाहीत हे सुप्रीम कोर्टाने 2025 मध्ये राधिका अगरवाल केसमध्ये परत सांगितलं आणि तोच न्याय जीएसटीला लावला.

कागद काढताना नुसती बिलं नेऊ नका. बोगस क्रेडिटच्या (माल न येता नुसत्या बिलावर कराची वजावट घेतल्याच्या) केसमध्ये प्रश्न एकच असतो, माल खरंच आला का, म्हणून ई-वे बिल, ट्रकची बिल्टी, वजनकाट्याची पावती, बँकेतलं पेमेंट असं एकेका बिलाला टाचून फाईल करा. क्रेडिटची रक्कम 5 कोटींच्या वर जात असेल तर गुन्हा अजामीनपात्र आहे, मग वकील गाठल्याशिवाय पाऊल टाकू नका. वकील दिसेल पण ऐकू जाणार नाही एवढ्या अंतरावर बसू द्या असा लेखी अर्ज आधीच द्या, कोर्टांनी अशी परवानगी दिलेली आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सही. वागळे इस्टेटमधले आमचे एक फॅब्रिकेशनवाले काका तोंडाने बोलले "माल यायचा, बिल यायचं, बाकी ब्रोकर बघायचा" आणि इंग्रजीत टाईप झालं की बिलं बोगस असल्याची मला कल्पना होती. रात्रीचे साडेनऊ, पोटात अन्न नाही, सात पानांवर सात सह्या आणि शेवटी स्वतःच्या हाताने "वाचलं, समजलं, बरोबर आहे". मला अजून त्याचं वाईट वाटतं. म्हणून प्रत्येक पान वाचा, भाषा कळत नसेल तर मराठीत समजावून मागा आणि तसं जबाबात लिहायला लावा, चुकलेलं वाक्य सहीच्या आधी दुरुस्त करून घ्या. खोटं मात्र अजिबात बोलू नका, तो वेगळा गुन्हा होतो, आठवत नसेल तर "रेकॉर्ड बघून सांगतो" म्हणा.

सप्लायरने तुमचं नाव घेतलंय असं ऐकलं तर लगेच खचू नका. त्याच कायद्याच्या कलम 136 प्रमाणे तो सप्लायर कोर्टात साक्षीला यावा लागतो आणि कोर्टाला त्याचा जबाब पुराव्यात घ्यावासा वाटला पाहिजे, मेला किंवा सापडतच नसेल अशा वेळी गोष्ट वेगळी.

बीपीची गोळी, डबा न्या, आत गेल्याची आणि बाहेर आल्याची वेळ घरी मेसेज करा. जबाब दबावाखाली झाला असेल तर एकदोन दिवसांतच लेखी मागे घ्या, महिन्यांनी घेतलेल्याला फार वजन राहत नाही, आणि कबुली स्वेच्छेने दिलेली वाटली तर कोर्ट मागे घेतलेलीही धरू शकतं. त्या पत्रात नुसतं "दबाव होता" लिहून भागत नाही, कुठलं वाक्य चुकीचं, किती तास बसवलं, काय धमकी दिली ते सगळं लागतं आणि तिथे ते वेळेचे मेसेज कामाला येतात.