रोमला पहिल्यांदा जाताय? या चुका टाळा

ओळखीतलं कुणी रोमला निघालं की सहलीचा कागद माझ्याकडे येतो. ‘एकदा नजर टाक’ म्हणतात. दहातल्या आठ कागदांवर पहिल्या दिवसाची तीच ओळ असते: सकाळी कलोसियम, दुपारी व्हॅटिकन, संध्याकाळी ट्रेव्ही कारंजं. ती दिसली की मी उत्तर लिहीत बसत नाही, सरळ फोन लावते. कारण पहिल्या वेळी मीही हीच ओळ लिहिली होती, आणि ती माझ्या आईला भोवली.

जूनचे शेवटचे दिवस होते. सकाळी नऊला आम्ही कलोसियमच्या आत होतो. दोन मजले चढून-उतरून झाले, मग त्याच तिकिटात येतं म्हणून फोरम, म्हणजे प्राचीन रोमचा मुख्य चौक, आणि पॅलाटाइन टेकडी. तिथे सावली नावालाच. दीड वाजता धावतपळत मेट्रोची बी लाइन, टर्मिनी या मुख्य रेल्वे स्थानकात बदलून ए लाइन, ओत्ताव्हियानोला उतरलो. जेवण म्हणजे उभ्याने खाल्लेला पिझ्झ्याचा एक तुकडा. अडीचचं व्हॅटिकन संग्रहालयाचं तिकीट होतं.

या संग्रहालयाची रचना पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. सिस्टीन चॅपेल शेवटाकडे आहे. तिथे पोचायला दालनामागून दालनं पार करावी लागतात. त्यातलं नकाशांचं दालन एकटंच १२० मीटर लांब. मागून गर्दी ढकलत असते आणि बसायला जागा मोजक्याच. आई एका हाताने भिंतीचा आधार घेत चालत होती. मी मात्र ‘आता आलंच’ म्हणत तिला पुढे नेत राहिले. शेवटी आम्ही चॅपेलमध्ये पोचलो. कडेच्या बाकावर एक जागा रिकामी झाली, तिथे तिला बसवलं. मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ अशी चार वर्षं खपून रंगवलेलं छत डोक्यावर होतं, आणि आई डोळे मिटून बसली होती. मी हलवलं तर म्हणाली, ‘तू बघून घे. मला खोलीवर गेल्यावर सांग.’

मी ते छत पाहिलं. पण त्या दिवसाचं मला आठवतं ते तिच्या सुजलेल्या पावलांवर रुतलेले चपलांचे पट्टे.

तेव्हापासून मी कुणालाही व्हॅटिकन आणि कलोसियम एका दिवसात बसवू देत नाही. कुणी कितीही तरुण असो. व्हॅटिकनला स्वतंत्र दिवस, आणि तोही सकाळच्या पहिल्या वेळेचं तिकीट काढून. जाताना नकाशांचं दालन आणि चित्रकार रफाएलने रंगवलेल्या खोल्या एवढंच नीट बघायचं, बाकीच्याला हात लावायचा नाही. सिस्टीनमध्ये पोचल्यावर बाकावर जागा मिळेपर्यंत थांबायचं, मग निवांत मान वर करायची. आत फोटो काढू देत नाहीत. ते मला फार आवडतं, कारण माणसं नाइलाजाने का होईना, बघतात. पुढच्या फेरीत आईला असंच नेलं. ती पाऊण तास बसून होती, आणि छतावरच्या चित्रातल्या आदमच्या बोटापाशी तिची नजर परतपरत येत होती.

व्हॅटिकनचीच आणखी एक चूक इतक्या वेळा पाहिली आहे की ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. संग्रहालय आणि सेंट पीटर्स बॅसिलिका हे भव्य चर्च यांची दारं वेगळी आहेत. बॅसिलिकेची रांग समोरच्या मोठ्या चौकात लागते, प्रवेश फुकट आहे, फक्त सुरक्षा तपासणी होते. संग्रहालयाचं दार उत्तरेकडे, तटबंदीला वळसा घालून चांगलं पंधरा मिनिटं चालण्याच्या अंतरावर. हातात संग्रहालयाचं तिकीट घेऊन चौकातल्या रांगेत तासभर उभी राहिलेली माणसं मी स्वतः बाहेर काढली आहेत. सिस्टीनमधून थेट बॅसिलिकेत उतरणारं एक दार आहे, पण ते गाइडसोबतच्या गटांसाठी असतं. ‘कुणीतरी जाऊन आलंय’ एवढ्या ऐकीव माहितीवर दिवस आखू नका. बुधवारी सकाळी पोपची सार्वजनिक भेट असते, तेव्हा चौकाकडे फिरकू नये. संग्रहालय रविवारी बंद असतं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते फुकट उघडतात खरं, पण फुकट म्हणून आलेल्या त्या लोंढ्यात मी तुम्हाला कधीच पाठवणार नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. ओढणी पिशवीत असू द्या.

आता माझ्या दुसऱ्या दुखऱ्या जागेकडे येते, रोमन फोरम. तिथून परत आलेली माणसं मला सांगतात, ‘कलोसियम भारी आहे, पण शेजारी नुसते पडके खांब आहेत.’ ज्या जागेवरून शतकानुशतकं भूमध्य समुद्राच्या काठचं जग चाललं, तिला लोक पडके खांब म्हणून येतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं. दोष त्यांच्या नजरेचा नाही. ते कलोसियम बघून दमलेले असतात, ऊन डोक्यावर आलेलं असतं, आणि कुठे काय आहे हे आधी बघून घेतलेलं नसतं.

फोरम मी खालून सुरू करत नाही. आदल्या संध्याकाळी कॅपिटोलाइन टेकडीवर जायचं. वरचा चौक मायकेलअँजेलोने आखलेला आहे. समोरच्या राजवाड्याच्या बाजूने मागे गेलात की कठड्यापासून अख्खा फोरम पायाशी पसरलेला दिसतो. तिकीट लागत नाही. तिथे उभं राहून चार-पाच गोष्टी ओळखून घ्यायच्या. सगळ्यात जवळ सेप्टिमियस सेव्हरसची कमान, इ. स. २०३ ची. उजवीकडे आठ खांब उभे असलेलं सॅटर्नचं देऊळ. डावीकडे विटांची साधी, चौकोनी, उंच इमारत म्हणजे क्युरिया, सिनेटचं सभागृह. लांब टोकाला टायटसची कमान आणि तिच्यामागे डोकावणारं कलोसियम.

दुसऱ्या दिवशी खाली उतरलात की याच गोष्टी शोधत चालायचं आणि प्रत्येकीपाशी एकच प्रश्न विचारायचा: ही टिकली कशी? क्युरिया टिकली कारण सातव्या शतकात तिचं चर्च झालं. तिची काशाची दारं मात्र काढून शहरातल्या लॅटरन बॅसिलिकेला बसवली, ती आजही तिथे आहेत. ज्या इमारतींचं चर्च झालं नाही त्यांचे दगड लोकांनी नव्या घरांना, वाड्यांना वापरले. कलोसियमचा अर्धा बाहेरचा घेर गेला तो असाच. १३४९ च्या भूकंपात ढासळला आणि मग दगडांची खाण झाला.

आणि सम्राट अँटोनायनस व त्याची पत्नी फाउस्टिना यांच्या देवळापाशी थांबल्याशिवाय पुढे जाऊ नका. जुन्या देवळाच्या खांबांमागे चर्च उभं आहे, आणि त्याचं दार जमिनीपासून कितीतरी उंचावर, अधांतरी दिसतं. त्या दाराला जिना का नाही? कारण ते बसवलं तेव्हा जमीनच तिथपर्यंत होती. मधल्या शतकांत फोरम गाळाने आणि राडारोड्याने भरून गेला होता, वर गुरं चरायची, लोक त्याला ‘गुरांचं कुरण’च म्हणायचे. नंतर खोदकाम झालं, जमीन खाली गेली आणि दार वर राहिलं. त्या दाराखाली उभं राहिलं की रोम समजायला लागतं. हे शहर आडवं पसरलेलं नाही, एकावर एक रचलेलं आहे. म्हणून एका दिवसात दहा ठिकाणी टिकमार्क करणाऱ्यांच्या हाती ते लागत नाही.

सीझरला जिथे अग्नी दिला तिथे छपराखाली मातीचा एक ढिगारा आहे. लोक अजून फुलं ठेवून जातात. आणि फोरमच्या आवारात एकदा बाहेर पडलात की त्याच तिकिटावर परत जाता येत नाही. पाणी आणि टोपी आधीच घ्या.

तिकिटांबद्दल. कलोसियमचं तिकीट नावावर असतं आणि दाराशी ओळखपत्र बघतात. पासपोर्टवर जे नाव, तेच हवं. अधिकृत संकेतस्थळावर ती साधारण महिनाभर आधी खुली होतात आणि बरे वार, बऱ्या वेळा भराभर जातात. हे काम जो शेवटच्या आठवड्यावर ढकलतो, तो मेट्रोच्या बाहेर उभ्या असलेल्या दलालांच्या तावडीत सापडतो. माझ्या आत्तेभावाचं तेच झालं. ‘रांग टाळा’ अशी पाटी गळ्यात अडकवलेल्या माणसाला त्याने चौघांचे दुपटीहून जास्त पैसे दिले. गट भरेपर्यंत त्यांना रस्त्याच्या कडेला सव्वा तास उभं केलं, आणि मग सुरक्षा तपासणीच्या रांगेत लावलं. ती रांग कुणालाच चुकत नाही, कितीही महागडं तिकीट असो. आत गेल्यावर गाइड वीस मिनिटांत निघून गेला. आत्तेभाऊ म्हणाला, ‘वेळ वाचेल असं वाटलं गं.’ रोममध्ये वेळ वाचवण्याच्या नावाखाली विकली जाणारी बहुतेक प्रत्येक गोष्ट वेळच खाते, असा माझा अनुभव आहे. महिनाभर आधी अर्धा तास बसून तिकिटं काढणं, यापलीकडचा शॉर्टकट मला माहीत नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं आणि कलोसियम फुकट असतात. त्या दिवशी मी शहराबाहेर, आप्पियन रस्त्यावर चालायला जाते. इ. स. पूर्व ३१२ मध्ये सुरू झालेला हा रस्ता, त्याच्या मोठ्या काळ्या फरशा अजून पायाखाली येतात.

बोर्गेझे गॅलरीत आरक्षणाशिवाय प्रवेश नाही, दोन तासांच्या पाळ्या असतात आणि सोमवारी बंद. दोनच तास आहेत म्हणून लोक ती गाळतात. शिल्पकार बर्निनीचं ‘अपोलो आणि डॅफ्नी’ हे शिल्प पाहायला, डॅफ्नीच्या बोटांची पानं होताना बघायला, एवढा वेळ पुरतो.

विमानतळावर ‘टॅक्सी?’ म्हणत जवळ येणाऱ्याबरोबर जाऊ नका. फ्युमिचिनो विमानतळाहून शहराभोवतीच्या प्राचीन ऑरेलियन तटबंदीच्या आतल्या भागापर्यंत अधिकृत पांढऱ्या टॅक्सीचं भाडं ठरलेलं असतं. रांगेतून घ्या, बसण्याआधी पत्ता दाखवा. टर्मिनीला न थांबता जाणारी लिओनार्दो एक्सप्रेस सुमारे अर्ध्या तासात पोचवते. विमानतळावरून सुटणारी दुसरी, स्वस्त लोकल टर्मिनीला जात नाही, हे आधी लक्षात घ्या.

कागदी तिकीट बसमध्ये चढल्यावर यंत्रात ठप्प करून घ्यायचं. खिशात तिकीट असूनही ठप्पा नसेल तर दंड होतो. कार्ड टॅप करत असाल तर माणशी एक कार्ड.

टर्मिनीहून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस पाकीटमारांसाठी बदनाम आहे. मी पासपोर्ट कपड्यांच्या आत, गळ्यातल्या पिशवीत ठेवते आणि गर्दीच्या बसमध्ये फोन बाहेर काढत नाही.

स्पॅनिश पायऱ्यांवर २०१९ पासून बसायला बंदी आहे. जुने फोटो बघून बसाल तर पोलीस उठवतील, दंडही होऊ शकतो.

शाकाहारी असाल तर कार्बोनारा आणि आमात्रिचाना या दोन्ही पास्त्यांत डुकराच्या गालाचं मांस असतं, वरून कळत नाही. तळलेल्या भाताच्या सुप्लीतही बऱ्याचदा खिमा असतो, विचारून घ्या. चीज आणि मिरीच्या ‘काचो ए पेपे’त मांस नसतं. मारिनारा पिझ्झ्यावर टोमॅटो, लसूण, ओरेगानो एवढंच. कॉफी उभ्याने प्यायची. टेबलाशी बसलात की दर वाढतो, आणि प्रसिद्ध चौकात तर फारच.

पाण्याच्या बाटल्या विकत घेत बसू नका. रस्तोरस्ती ओतीव लोखंडाचे बुटके नळ आहेत, त्यांना नाझोने म्हणतात. १८७० च्या दशकापासूनची ही सोय आहे, आणि शहरात असे अडीच हजारांच्या आसपास नळ आहेत. पाणी थंड आणि पिण्याचंच असतं. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या छोट्या भोकातून पाण्याची धार उडते. वाकायला नको.

पँथिऑन या प्राचीन देवळाला घाईने चक्कर मारून येऊ नका. त्याला आता तिकीट लागतं. घुमटाचा व्यास आणि जमिनीपासूनची उंची दोन्ही ४३.३ मीटर. वर मधोमध उघडं भोक आहे, पाऊस थेट आत येतो आणि फरशीतल्या छिद्रांतून निघून जातो. पावसाळी दिवस निघाला तर लोक खोलीत बसतात. मी त्याच दिवशी तिथे जाते.

आणि एक जागा यादीत नसेल तर घाला. कलोसियमपासून पाच-सात मिनिटांवर सान क्लेमेंते हे चर्च आहे. रस्त्याच्या पातळीवर बाराव्या शतकातलं चर्च. जिना उतरलात की त्याच्याखाली चौथ्या शतकातलं. अजून एक जिना उतरलात की पहिल्या शतकातल्या रोमच्या भिंती, अरुंद बोळ आणि मिथ्र देवाचं ठाणं. माझ्यासोबत आलेल्यांपैकी जे फोरमच्या उन्हात वैतागले होते, ते इथे गप्प होतात. तळाशी थांबून कान दिलात तर भिंतीआडून वाहत्या पाण्याचा आवाज येतो. खालच्या मजल्यांना वेगळं तिकीट आहे आणि खाली गारवा असतो, पातळ शाल ठेवा. रोममधली बरीच चर्चेस दुपारी काही वेळ बंद असतात, हेही त्यातलंच. सकाळी जा.