नेती करताना नाक झोंबतं? मीठ मोजा

सर्दीत चोंदलेलं नाक जलनेतीनं, म्हणजे एका नाकपुडीत मिठाचं पाणी ओतून दुसरीतून बाहेर सोडल्यानं, मोकळं होतं, पण पहिल्याच दिवशी नाक झणझणलं की नेतीची लोटी माळ्यावर जाते. दोष बहुतेक वेळा मिठाचा. अळणी पाणी झोंबतं, फार खारटही झोंबतं.

माझं ठरलेलं माप: अर्धा लिटर पाण्याला साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा चमचा सपाटपेक्षा जरा कमीच. वर चिमूटभर खायचा सोडा. पाणी उकळून कोमट केलेलंच हवं. नळाच्या पाण्यातला अमीबा नाकावाटे मेंदूत पोचू शकतो. क्वचितच, पण जीवावर बेततं.

बेसिनवर वाकून मान तिरकी करा, लोटीची तोटी वरच्या नाकपुडीत, श्वास तोंडानं. पाणी घशात उतरतंय? मग कपाळ हनुवटीपेक्षा वर गेलंय. ते हनुवटीच्या पातळीत आणा.

खरी चूक शेवटी होते. एक नाकपुडी दाबून जोरात शिंकरलं की पाणी कानाकडे ढकललं जातं, दडे बसतात. दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हलकेच शिंकरायचं. नाक ठार बंद असेल किंवा कान ठणकत असेल, तर त्या दिवशी नेती नकोच.