फिनिक्समध्ये राहताय ना, मग घराचा एसी मार्चमध्येच बघून घ्या

ॲरिझोनात फिनिक्सच्या शेजारी चँडलर, गिल्बर्टकडे नवीन नोकरी घेऊन आलेले आपले लोक दर जुलैत फोन करतात, एसी चालू आहे पण घर गार होत नाही, कोणी ओळखीचा माणूस आहे का. माणूस आहे हो, पण जुलैत तो तीन दिवसांनी येणार. 2023 मध्ये इथे सलग 31 दिवस पारा 110 फॅरनहाइट किंवा त्याच्या वर होता, म्हणजे आपल्या भाषेत 43 च्या पुढे, आणि रात्रीसुद्धा नव्वदच्या खाली यायला तयार नाही. अशात तीन दिवस एसीशिवाय काढणं म्हणजे चेष्टा नाही, घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर सरळ हॉटेल गाठावं लागतं. म्हणून सर्व्हिसिंग मार्चमध्ये, फार तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा टेक्निशियन निवांत असतात आणि नीट बघतातही.

आता स्वतः काय करायचं. पहिलं म्हणजे फिल्टर. पाकिटावर तीन महिने लिहिलेलं असतं ते वाळवंटासाठी नाही, इथे एक इंची फिल्टर उन्हाळ्यात महिन्याला बदला, आणि धुळीचं वादळ (इथे हबूब म्हणतात) येऊन गेलं की लगेच काढून बघा. मला महिना लक्षात राहत नाही म्हणून आमच्या घरी फिल्टर संकष्टीला बदलतो, बायको मोदकांचं बघते आणि मी शिडी काढतो, दहा वर्षं चुकलं नाही. अजून एक, जास्त मर्व्हचा (फिल्टर किती बारीक धूळ अडवतो त्याचा आकडा) महागडा फिल्टर लावला म्हणजे हवा जास्त स्वच्छ असं समजून लोक 13 वगैरे आणतात आणि मग जुन्या सिस्टिमला हवाच ओढता येत नाही, आतल्या कॉइलवर बर्फ साचतो आणि गरम घरात बर्फ कुठून आला म्हणून डोकं धरून बसतात. साधा 8 पुरतो. बर्फ झालाच तर थर्मोस्टॅटवर कूल बंद करा, फक्त एसीचा पंखा ऑन ठेवा, काही तासांत वितळेल, सुरीने खरवडायला जाऊ नका.

दुसरी गोष्ट ड्रेन. मान्सून इथेही आहे बरं का, 15 जून ते 30 सप्टेंबर, आणि हवा दमट झाली की कॉइलवरून पाणी गळायला लागतं. ते पांढऱ्या पाइपमधून बाहेर जातं, त्यात शेवाळ साचलं की पाणी मागे फिरतं. खिडकीच्या वरून एखाद्या पाइपमधून टपटप सुरू झालं तर ते मुद्दामच डोळ्यासमोर ठेवलेलं असतं, म्हणजे मुख्य नळी तुंबली आणि पाणी दुसऱ्या ट्रेमधून येतंय असं समजा. महिन्यातून एकदा युनिटजवळच्या तोंडातून कपभर पांढरं व्हिनेगर ओता, तुंबलंच असेल तर बाहेरच्या टोकाला वेट व्हॅक (पाणी ओढणारा व्हॅक्यूम) लावून ओढा. बऱ्याच घरांत फ्लोट स्विच असतो, पाणी साचलं की तो एसीच बंद करतो, आणि लोकांना वाटतं कॉम्प्रेसर गेला.

बाहेरचं युनिट जमिनीवर असेल तर भिंतीवरच्या डिस्कनेक्टच्या डब्यातून पॉवर बंद करून सकाळी साध्या होजने हलक्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशर नको, पत्रे वाकतात. जुन्या घरांत युनिट छतावर असतं, तिथे स्वतः चढायचा उत्साह दाखवू नका.

आता माझीच गोष्ट. चार वर्षांपूर्वी जुलैतली संध्याकाळ, घर 86 झालेलं, बाहेर गेलो तर युनिटमधून घूंऽऽ आवाज येतोय पण पंखा फिरत नाही. पहिल्या कंपनीचा माणूस आला, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला कॉम्प्रेसर संपला, नवीन सिस्टिम लावा, आकडा ऐकून मी खुर्चीत बसलो. दुसऱ्याला बोलावलं. त्याने झाकण उघडलं आणि आतला छोट्या कॅनएवढा कपॅसिटर (मोटर सुरू करायला विजेचा जोर देणारा भाग) दाखवला, वरचं टोपण फुगून घुमटासारखं झालेलं, मीटर लावला तर 45 लिहिलेल्या बाजूला 29 मायक्रोफॅरड. नवीन बसवला, पंखा सुरू. त्याला मी कौतुकाने ताक दिलं, एक घोट घेतला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, साधं पाणी मिळेल का. असो. सांगायचं म्हणजे इथल्या उन्हात कपॅसिटर मरतातच, मार्चच्या सर्व्हिसिंगमध्ये तो मोजायला सांगा आणि आकडा विचारा. मात्र यूट्यूब बघून स्वतः बदलायला जाऊ नका, पॉवर बंद केली तरी त्यात चार्ज राहतो.

गॅसचंही तसंच. पुण्यात दर उन्हाळ्यात कोणीतरी येऊन गॅस भरून जायचा, ती सवय इथे विसरा. सिस्टिम सीलबंद असते, गॅस कमी झाला म्हणजे गळती आहे, आधी गळती शोधा म्हणावं. त्याला हात लावणाऱ्याकडे ईपीएचं (अमेरिकेचं सरकारी पर्यावरण खातं) सर्टिफिकेट असायलाच हवं, आणि कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स ॲरिझोनाच्या रजिस्ट्रार ऑफ कॉन्ट्रॅक्टर्सच्या साइटवर दोन मिनिटांत बघता येतं.

फोन करायच्या आधी एक चेक करा. स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्या, हवा आत ओढली जाते त्या जाळीपाशी आणि मग गार हवा येते तिथे मोजा, फरक 16 ते 22 फॅरनहाइट असेल तर मशीन ठीक आहे. मग घर गार का होत नाही? बाहेर 115 असताना आत 70 मागताय म्हणून, किंवा माळ्यावरच्या तापलेल्या जागेतला डक्ट (हवेची नळी) फाटलाय म्हणून. थर्मोस्टॅट 60 वर नेला तर लवकर गार होतं हाही गैरसमज, मशीन त्याच वेगाने चालतं, फक्त थांबत नाही. एपीएस या वीज कंपनीच्या टाइम ऑफ यूज (वेळेप्रमाणे दर) प्लॅनवर असाल तर सोमवार ते शुक्रवार दुपारी 4 ते 7 वीज महाग, तेव्हा दोन वाजल्यापासून 75 ला गार करून घ्या आणि चारला 80 वर सोडा. पडदे ओढून, पंखे लावून निघतं.

नागपूरचे सासरे म्हणाले कूलर लावा की. इथेही तो मिळतो, स्वॅम्प कूलर म्हणतात, मे-जूनच्या कोरड्या हवेत मस्त चालतो पण मान्सून लागला की फक्त ओल, नागपूरला जुलैत होतं तेच.

हिवाळ्याचं थोडक्यात. गॅस फर्नेस असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. बऱ्याच घरांत हीट पंप आहे, तोच एसी उलटा चालतो. नोव्हेंबरमध्ये पहिल्यांदा हीट लावली की जळकट वास येतो, ती हीटरवर वर्षभर साचलेली धूळ, खिडक्या उघडा, अर्ध्या तासात जातो, नाही गेला तर बंद करून माणूस बोलवा. थर्मोस्टॅटवर इमर्जन्सी हीट नावाचं बटण आहे त्याला हात लावू नका, साध्या हीटरसारखी वीज खातं. आणि जानेवारीत एखाद्या गारठलेल्या सकाळी बाहेरच्या युनिटमधून पांढरे लोट दिसले तर घाबरू नका. सासऱ्यांनी आमच्याकडे यंत्र पेटलं म्हणून बादली भरून आणली होती, ते नुसतं डीफ्रॉस्ट होतं, म्हणजे युनिट स्वतःवर साचलेला बर्फ वितळवत होतं, सासरे बादली घेऊन पोचेपर्यंत थांबलंसुद्धा.