पुलपिटाआधी कमिटी: पाळकीय सेवेत येऊ पाहणाऱ्या मुलींसाठी

निकालांचा हंगाम आला की ठाणे, ऐरोली, नेरूळ इकडच्या एखाद्या मुलीचा फोन येतोच. "ताई, मला सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या धर्मशिक्षणाच्या कॉलेजात जायचंय. आपल्याकडे मुलींना पाळक होता येतं का?" मी आधी उलट विचारते, "तुझी मंडळी, म्हणजे चर्च, कुठली?" कारण सगळं त्यावर अवलंबून आहे.

सीएनआय म्हणजे १९७० साली नागपुरात एकत्र आलेली उत्तर भारतीय मंडळी. तिथे आणि मेथडिस्ट मंडळीत स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते. दक्षिणेत सीएसआयने, म्हणजे दक्षिण भारतीय मंडळीने, २०१३ मध्ये ई. पुष्पललिता यांना नंद्याळच्या बिशप केलं. मुक्तिफौजेत (साल्व्हेशन आर्मीत) तर १९३४ साली इव्हँजेलिन बूथ जनरल झाल्या, म्हणजे जगभरातल्या फौजेच्या प्रमुख. कॅथलिक मुलींना मी स्पष्ट सांगते की फादर होण्याचा रस्ता बंद आहे. १९९४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तो पुन्हा ठामपणे बंद केला. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवक ही रीतसर पदं स्त्रियांना खुली केली, तेवढी फट पडली आहे. स्वतंत्र मंडळ्यांचं काही सांगता येत नाही. पुष्कळ ठिकाणी पास्टरांची बायको अर्धी मंडळी चालवते, पण कागदावर तिचं नाव कुठेच नसतं. अशा ठिकाणी जाणार असाल तर नेमणुकीचं पत्र आधी मागा.

माझ्या मंडळीसारख्या मुख्य प्रवाहातल्या मंडळ्यांत वाट ठरलेली आहे. आधी स्थानिक मंडळीची शिफारस, मग डायोसिसची (बिशपच्या हाताखालच्या विभागाची) मुलाखत, मग सेमिनरी. पदवी असेल तर सेरामपूर विद्यापीठाची बी.डी. ही धर्मशास्त्राची पदवी करायची. पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी आपल्याला जवळची. ती मूळची यवतमाळची, १९८३ मध्ये पुण्यात आली. मेथडिस्ट मुली जबलपूरच्या लेनर्ड कॉलेजातही जातात. हिब्रू-ग्रीकची भीती बाळगू नका, ती सगळ्यांनाच नवी असते. मराठी माध्यमातून आलेल्यांना खरा घाम फुटतो तो इंग्रजी निबंधांनी, त्यामुळे जायच्या आधीचे काही महिने इंग्रजी वाचनाला द्या.

मुलाखतीत "लग्नाचं काय ठरवलंय?" हा प्रश्न येणार. मुलांनाही तो विचारतात, पण त्यांच्या बाबतीत सूर असा असतो की बायको मिळाली तर सेवेला मदतच होईल. थोडक्यात उत्तर द्या आणि पुढे चला. तिथे भांडण काढून फायदा नाही.

वचनांवरून अडवणारेही भेटतील. १ तीमथ्य २:१२ आणि १ करिंथ १४:३४ ही दोन ठरलेली, बाईने शिकवू नये, मंडळीत गप्प राहावं असं सांगणारी. तयारी असू द्या. त्याच करिंथकरांच्या पत्रात ११:५ मध्ये प्रार्थना करणाऱ्या आणि संदेश देणाऱ्या स्त्रिया गृहीतच धरल्या आहेत. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात फिबी, प्रिस्किल्ला, युनिया या सेवेतल्या स्त्रिया आहेत. पुनरुत्थानाची बातमी शिष्यांकडे घेऊन गेली ती मग्दालीया मरीया. आणि आपल्या मातीतलं उदाहरण हवं असेल तर पंडिता रमाबाई आहेतच. केडगावात बसून त्यांनी हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. बाईला शास्त्र कळत नाही म्हणणाऱ्याला मी एवढंच सांगते. तरी खरं सांगू? वादाने मत बदललेला माणूस मी क्वचितच पाहिला. घरात मयत झाल्यावर प्रार्थनेला कोण आलं, दफनविधी कोणी नीट पार पाडला, हे पाहून बदललेले मात्र बरेच पाहिले.

आता मुद्द्याचं. दीक्षा मिळाली म्हणजे नेतृत्व मिळालं असं नाही. आमच्याकडच्या मराठी मंडळ्यांत नगर-जालन्याहून कामधंद्यासाठी आलेली बरीच कुटुंबं आहेत. बाकांवर बायका जास्त दिसतात. संडे स्कूल त्यांचं, गायन त्यांचं, घरोघरच्या प्रार्थनासभा त्यांच्या, हार्वेस्टचा (सुगीच्या सणाचा) लिलाव रंगवतात त्याच. पण खजिनदार, सेक्रेटरी आणि मालमत्तेचं बघणारे कोण? नवी मुंबईत कित्येक मंडळ्या शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये भरतात. भाडं किती, करार किती महिन्यांचा, प्लॉटसाठी जमवलेला निधी कुठल्या खात्यात आहे, हे चार-पाच पुरुषांनाच ठाऊक असतं. आणि मंडळीचा कारभार पाहणारी कमिटी बसते उपासनेनंतर, दुपारी एकला. त्या वेळी बायका घरी भाकऱ्या थापत असतात. कुणी मुद्दाम डावललं असं नव्हे, पण निर्णय त्यांच्याविना होतात. एका मंडळीत आम्ही कमिटीच्या दिवशी सगळ्यांचं जेवण तिथेच ठेवलं. स्वयंपाक केटररचा, हे महत्त्वाचं, नाहीतर तोही बायकांच्याच गळ्यात पडला असता. कमिटीवर निवडून आलेल्या दोघी बायका त्यानंतर शेवटपर्यंत बसू लागल्या, आणि पहिला अवघड प्रश्न हिशेबावर त्यांनीच विचारला.

म्हणून प्रोबेशनवर (दीक्षेआधीच्या उमेदवारीवर) गेलात की प्रवचनाइतकाच वेळ कागदांना द्या. मंडळीची मालमत्ता बहुधा सार्वजनिक न्यासाच्या नावावर असते आणि त्याला महाराष्ट्राचा १९५० चा कायदा लागू होतो. परिशिष्ट-१ चा, म्हणजे न्यासाच्या नोंदवहीचा, उतारा मागून पाहा. विश्वस्तांच्या यादीत एक तरी बाई आहे का, तिथेच कळेल. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे बदल अहवाल द्यावा लागतो. पुष्कळ ठिकाणी तो वर्षानुवर्षं रखडलेला असतो. ते काम अंगावर घ्या. कंटाळवाणं आहे, म्हणून कोणी आडवं येत नाही, आणि ते करता करता मंडळीचा सगळा कारभार कळतो. लग्नाचं रजिस्टर १८७२ च्या कायद्याप्रमाणे कसं भरतात, तेही पहिल्या वर्षीच शिकून घ्या.

पुलपिटावर, म्हणजे प्रवचनाच्या व्यासपीठावर, पहिली संधी बहुतेकींना मार्चच्या पहिल्या शुक्रवारी, स्त्रियांच्या जागतिक प्रार्थना दिनाला मिळते. जरूर घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. शुभ शुक्रवारी येशूच्या क्रुसावरच्या सात शब्दांची (उद्गारांची) प्रवचनासाठी वाटणी होते तेव्हा बाईच्या वाट्याला हमखास तिसरा शब्द येतो, "बाई, पाहा, हा तुझा मुलगा!" आईचा विषय म्हणून. एखाद्या वर्षी चौथा मागा. "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" यावर स्त्रीला काय म्हणायचंय ते मंडळीने ऐकलेलंच नसतं.

सुरक्षिततेबद्दल लाजू नका. २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा चर्चच्या संस्थांनाही लागू आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवी आणि तिची अध्यक्ष स्त्री हवी. ती आहे का, हे डायोसिसच्या ऑफिसात विचारा. घरभेटीला एकटं न जाण्याचा नियम स्वतःसाठी करा आणि पुरुष पाळकांनाही तोच लावायला सांगा.

शेवटची गोष्ट बदल्यांची, जी सेमिनरीत कोणी शिकवत नाही. पाळकाची बदली झाली की बायको-मुलं सामान बांधून निघतात, हे गृहीत असतं. पाळक स्त्री असेल आणि नवऱ्याची नोकरी महापे एमआयडीसीत असेल, तर काय करायचं याचं ठरलेलं उत्तर बहुतेक डायोसिसांकडे नाही. पार्सोनेज (पाळकासाठीचं मंडळीचं घर) मिळेल की घरभाडं मिळेल, बाळंतपणाची रजा किती, त्या काळात उपासना कोण घेईल, हे प्रश्न दीक्षेच्या आधी लेखी विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. तुमच्या आधीच्या बॅचच्या दोघी-तिघींनी एकत्र अर्ज केला तर लवकर येतं.