शरीररचनाशास्त्र विभागात रुजू होताना: देहदानातील देहाची काळजी

वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात निवासी डॉक्टर, ट्यूटर किंवा तंत्रज्ञ म्हणून रुजू होणाऱ्या बहुतेकांची समजूत अशी असते की मृतदेह पाहण्याची आणि हाताळण्याची सवय होणे हाच या कामातला कठीण भाग आहे. माझ्या अनुभवाने ती सवय पंधरवड्यात होते. खरी कसोटी लागते ती फोनवर, कागदपत्रांत आणि शववाहिकेसोबत आलेल्या नातेवाइकांशी बोलताना. शिवाय देह पुढे दोन-तीन वर्षे चांगला राहणार की नाही, हे बऱ्याच अंशी मृत्यूनंतरच्या पहिल्या काही तासांत ठरते.

सुरुवातीलाच एक भेद स्पष्ट असावा. रुग्णालयातील शवविच्छेदनगृह न्यायवैद्यकशास्त्र विभागाकडे असते आणि तेथील काम पोलीस, पंचनामा व मृत्यूचे कारण यांच्याशी बांधलेले असते. आपल्याकडे देह येतो तो शिकवण्यासाठी, आणि तो स्वीकारण्याचा आधार १९४९ च्या शरीररचनाशास्त्र अधिनियमात आहे. त्यामुळे अपघात, आत्महत्या किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर आपण तो देह घेत नाही. शवविच्छेदन झालेला देह नाकारण्यामागे तर सरळ तांत्रिक कारण आहे: छाती-पोटातील रक्तवाहिन्या कापल्या गेल्याने जतनाचे द्रावण हातापायांपर्यंत न पोहोचता आतच गळून जाते.

म्हणून पहिला फोन येईल तेव्हा मृत्यूची वेळ, ठिकाण, कारण, प्रमाणपत्र देणारे डॉक्टर, पोलीस प्रकरण आहे का, एचआयव्ही, हिपॅटायटिस किंवा क्षयरोग होता का आणि मोठे शय्याव्रण, म्हणजे अंथरुणाला खिळून झालेल्या जखमा, आहेत का, हे सारे शांतपणे विचारून लिहून घ्यावे. नकार द्यायचा असेल तर तो फोनवरच द्यावा. आयुष्यभर वडिलांची इच्छा जपलेल्या मुलाला महाविद्यालयाच्या दारातून देह परत न्यायला लावण्याइतके वाईट काम या नोकरीत दुसरे नाही. नेत्रदानाची इच्छा असल्यास आधी नेत्रपेढीला कळवायला सांगावे, कारण नेत्रपटल साधारणपणे सहा तासांच्या आत काढावे लागते. आपल्या कामाला त्याने बाधा येत नाही.

त्याच फोनवर घरच्यांना करता येण्याजोग्या चार गोष्टी सांगाव्यात. डोक्याखाली उशी ठेवावी, म्हणजे रक्त चेहऱ्याकडे उतरून तो काळानिळा पडत नाही. पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा. दागिने काढून घ्यावेत. आणि हातपाय सरळ करून तोंड मिटवावे. मृत्यूनंतर एक-दोन तासांत पापण्या आणि जबड्यापासून ताठरपणा सुरू होतो व सुमारे बारा तासांत तो सर्वांगात पसरतो. हात कोपरात दुमडलेला राहिला आणि तसाच फॉर्मालिनमध्ये, म्हणजे जतनाच्या मुख्य रसायनात, घट्ट झाला, तर पुढे विद्यार्थ्यांना काख उघडून दाखवणे जवळजवळ अशक्य होते.

कागदपत्रांत मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र मुख्य: रुग्णालयातील मृत्यूसाठी नमुना ४, घरी झालेल्या मृत्यूसाठी नमुना ४अ. मृत व्यक्तीने हयातीत भरलेला देहदानाचा अर्ज असला तरी व्यवहारात जवळच्या नातेवाइकांची संमती लागतेच, आणि एखादा मुलगा ठाम विरोध करत असेल तर आग्रह धरू नये. आपण देत असलेली पावती काळजीपूर्वक लिहावी. या कुटुंबाकडे स्मशानभूमीचा दाखला नसतो, त्यामुळे नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत मृत्यूनोंद करताना त्यांना आपलीच पावती दाखवावी लागते; नावातील वेलांटी चुकली तर त्यांना पुन्हा हेलपाटे पडतात. देहाचा क्रमांक धातूच्या पट्टीवर कोरून मनगटाला आणि पायाच्या अंगठ्याला बांधावा. शाईने लिहिलेला क्रमांक फॉर्मालिन आणि फिनॉलमध्ये टिकत नाही.

आता प्रत्यक्ष एम्बामिंगकडे, म्हणजे रक्तवाहिन्यांतून जतनाचे द्रावण देहात भरण्याकडे, वळू. द्रावणाचे प्रमाण विभागागणिक वेगळे असते, पण घटक बहुधा तेच: ऊती घट्ट करण्यासाठी फॉर्मालिन, कोरडेपणा टाळण्यासाठी ग्लिसरीन, बुरशी रोखण्यासाठी फिनॉल, सोबत स्पिरिट आणि पाणी. बाजारातल्या फॉर्मालिनमध्येच फॉर्माल्डिहाइड ३७ ते ४० टक्के असते, म्हणजे ‘दहा टक्के फॉर्मालिन’ म्हटले की त्यात फॉर्माल्डिहाइड जेमतेम चार टक्के. हा हिशेब पहिल्याच दिवशी पक्का करावा.

मांडीच्या वरच्या भागात, जांघेच्या अस्थिबंधाच्या मध्याखाली छेद घेऊन ऊर्वी धमनी, म्हणजे मांडीची मुख्य धमनी, शोधतात. शीर पातळ, निळसर आणि चपटी दिसते. धमनी पांढरट, जाड भिंतीची, बोटांत धरली तर रबरी नळीसारखी लागते. तिच्यात कॅन्युला, म्हणजे द्रावण सोडण्याची नळी, घालून दोऱ्याने घट्ट बांधायची आणि उंचावर टांगलेल्या टाकीतून किंवा पंपाने द्रावण सोडायचे. सरासरी प्रौढ देहाला आठ ते दहा लिटर लागते. घाई करून दाब वाढवला की चेहरा सुजतो, म्हणून संथपणेच सोडावे. कान, बोटांची टोके आणि पायाची त्वचा घट्ट होऊ लागली की द्रावण पोहोचल्याचे समजावे. जिथे मऊ राहील, बहुधा नितंब, तळहात आणि तळपाय, तिथे मोठ्या सिरिंजने स्वतंत्र द्यावे. देहदात्यांत वृद्धांचेच प्रमाण जास्त असल्याने मांडीच्या धमनीत अनेकदा चुन्याचे थर सापडतात आणि मग मानेतील धमनीकडे वळावे लागते.

फॉर्माल्डिहाइड माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे, हे विसरू नका. शस्त्रक्रियेचा साधा मास्क वाफ अडवत नाही. त्यासाठी वाफ शोषणारा मास्क, नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांवर गॉगल आणि जमिनीलगत बसवलेला एक्झॉस्ट पंखा हवा. मामांना, म्हणजे विभागातील सेवकांना, हे सारे आपल्याइतकेच मिळाले पाहिजे. आपण शिकवायला जातो, पण देह द्रावणात ठेवलेल्या टाक्यांजवळ दिवसभर तेच असतात, आणि खरे सांगायचे तर कुठला देह कधी उलटवायचा हे त्यांना आपल्याहून चांगले कळते. पावसाळ्यात त्यांचे अधिकच ऐकावे: द्रावणाबाहेर राहिलेल्या बोटांवर आणि नाकावर बुरशी प्रथम धरते, त्यामुळे उघडा भाग द्रावणात भिजवलेल्या कापडाने झाकलेला असावा.

नातेवाईक दोन प्रश्न हमखास विचारतात. विधी करता येतील का, याचे उत्तर बहुतेक ठिकाणी होय असे आहे, पण ते घरूनच उरकून यावेत असे सुचवावे. अस्थी मिळतील का, याला मात्र देह स्वीकारण्याआधीच स्पष्ट उत्तर द्यावे. अभ्यास संपायला वर्षे लागतात आणि काही हाडे विद्यार्थ्यांच्या पुढील तुकड्यांसाठी राखली जातात. मोघम बोललात तर तेच कुटुंब वर्षश्राद्धाच्या सुमारास पुन्हा विचारायला येते.

विच्छेदनात सुटे झालेले ऊतींचे तुकडे त्या त्या टेबलाखालील क्रमांकित डब्यातच जमा करायला विद्यार्थ्यांना पहिल्या दिवसापासून लावावे. असे केले तरच शेवटी एका देहाचे अवशेष एकत्र राहतात आणि त्यांची अंतिम विल्हेवाट लावल्याची नोंद देह स्वीकारताना लिहिलेल्या त्याच क्रमांकापुढे करता येते.