आयडलला बॅटरी चार्ज होत नव्हती, अल्टरनेटरची डायोड प्लेट गेलेली निघाली

पोवई नाक्यावर ट्रॅफिकमध्ये थांबलं की हेडलाईट पिवळे पडायचे, ब्लोअर लावला की अजूनच, आणि जरा रेस दिली की परत लख्ख. नवी बॅटरी घातली, बेल्ट ताणला, अल्टरनेटरचे (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) कार्बन ब्रश बघितले, फरक शून्य. डोकं पार आउट झालेलं.

शेवटी मल्टिमीटर लावला. लाईट, ब्लोअर चालू ठेवून आयडलला (रेस न देता इंजिन नुसतं चालू) बॅटरीवर 12.3 व्होल्ट, दोन हजार आरपीएमला 13.8. मग मीटर एसी व्होल्टवर टाकला तर 0.8, आणि 0.5 च्या वर गेलं की डायोडवरच (अल्टरनेटरचा एसी करंट डीसी करणारे भाग) संशय घ्यायचा. (चालू गाडीत बॅटरीची वायर काढून बघ म्हणणारे भेटतात, ऐकू नका, चांगले डायोडपण उडतील.)

गाडी बंद करून आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, अल्टरनेटर उतरवला, मागचं कव्हर खोललं, स्टेटरच्या (आतली स्थिर कॉइल) वायरी डायोड प्लेटपासून डिसोल्डर केल्या, तसं न करता मोजलं तर रीडिंग फसवं येतं. डायोड मोडवर एका बाजूने 0.5 च्या आसपास आणि उलट धरल्यावर ओएल (म्हणजे करंट जातच नाही) पाहिजे, एका डायोडला दोन्हीकडून ओएल! अख्खी प्लेटच बदलली, वायरी परत सोल्डर, निगेटिव्ह सगळ्यात शेवटी. आता सगळं चालू ठेवून आयडलला 13.9, एसी व्होल्ट 0.05.